नव्या टायरबरोबर व्हॉल्व्हही नवा हवा

पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48, म्हणजेच पूर्वीचा क्रमांक 4, निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव यांना जोडतो. निपाणीजवळचा तवंदी घाट, गळीत हंगामातील उसाच्या गाड्यांची वर्दळ, तसेच चोर्ला व आंबोली घाटांतून गोवा-कोकणाकडे जाणारे वळणाचे रस्ते यांमुळे या भागातील मोटारींच्या चाकांवर बराच ताण पडतो. त्यामुळे टायर झिजताच तो बदलण्याची दक्षता अनेक वाहनधारक घेतात. मात्र त्या टायरमधील हवा ज्याच्या भरवशावर टिकते, त्या व्हॉल्व्हकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ट्यूबविरहित टायरमध्ये व्हॉल्व्ह थेट रिमच्या छिद्रात बसविलेला असतो. बहुतेक मोटारींत त्याची नळी पितळेची असून तिच्यावर रबराचे आवरण असते. नळीच्या आत स्प्रिंग असलेली बारीक पिन असते. हवा भरताना ही पिन दबून वाट मोकळी होते व दाब काढताच वाट बंद होते. ही रचना जुनीच असून, अमेरिकेत 1893 साली श्रेडर यांच्या नावे तिचे पेटंट घेण्यात आले होते.

रबराचे आयुष्य मर्यादित असते. ऊन, ब्रेकची उष्णता आणि हवेतील ओझोन वायू यांमुळे ते कडक होते व त्याला भेगा पडतात. शिवाय वेगाने फिरणाऱ्या चाकात व्हॉल्व्ह बाहेरच्या दिशेने खेचला जातो आणि त्याच्या मुळाशी असलेले रबर वाकते. 2008 साली अमेरिकेत एका बनावटीचे लक्षावधी रबरी व्हॉल्व्ह परत मागविण्यात आले. ओझोनला तोंड देण्याची शक्ती कमी पडल्याने त्यांना अल्पावधीतच भेगा पडत होत्या. म्हणून व्हॉल्व्ह केवळ नवा असून भागत नाही, तो चांगल्या प्रतीचाही असावा लागतो.

बदलण्याची योग्य वेळ

रबरी व्हॉल्व्ह रिमच्या आतील बाजूने ओढून बसवावा लागतो. त्यासाठी टायर रिमपासून सोडविणे आवश्यक असते. नवा टायर बसविताना हे काम आपोआपच झालेले असते. त्यामुळे त्याच वेळी व्हॉल्व्ह बदलल्यास खर्च अगदी थोडा येतो. तो तसाच ठेवला आणि पुढे गळू लागला, तर टायर पुन्हा काढणे व चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करणे भाग पडते. धोका त्याहून मोठा आहे. हवा कमी झालेल्या टायरच्या बाजू सतत दुमडतात, टायर आतून तापतो आणि भरल्या गाडीत, घाटाच्या उतारावर तो फुटू शकतो. जुना व्हॉल्व्ह नव्या टायरइतकी वर्षे टिकेलच, असे धरून चालणे योग्य नव्हे.

सर्वांना एकच नियम नाही

ट्यूब असलेल्या टायरमध्ये व्हॉल्व्ह ट्यूबलाच जोडलेला असतो. नव्या ट्यूबबरोबर तो नवाच मिळतो. नटाने आवळलेला धातूचा व्हॉल्व्ह सुस्थितीत असल्यास पूर्ण बदलण्याची गरज नसते; त्याचे रबरी वॉशर व पिन बदलल्यास पुरते. हवेचा दाब कळविणारा सेन्सर असलेल्या चाकात, सेन्सर चांगला असल्यास, निर्मात्याने सांगितलेले सील, नट व पिन बदलावेत. सुमारे 65 पौंडांहून अधिक दाब लागणाऱ्या ट्यूबविरहित चाकांना साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही. त्यांना धातूचाच बसवावा.

घरच्या घरी तपासणी

व्हॉल्व्ह हलकेच एका बाजूस वाकवून त्याच्या मुळाशी भेगा दिसतात का, ते पाहावे. मुळाशी व तोंडाशी साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आल्यास हवा गळते असे समजावे. केवळ तोंडाशी बुडबुडे आल्यास पिन घट्ट करून किंवा बदलून काम भागू शकते. मुळाशी आल्यास व्हॉल्व्हच बदलावा. धूळ व पावसाळ्यातील चिखल पिनेत जाऊ नये म्हणून टोपी नेहमी लावलेली असावी. शोभेच्या जड टोप्या रबरी व्हॉल्व्हवर टाळाव्यात, कारण त्यांच्या वजनाने नळी अधिक वाकते.

टायर बदलण्यासाठी दुकानात गेल्यावर, जुना टायर उतरविला जाताच रबरी व्हॉल्व्हही बदलण्यास सांगावे आणि स्टेपनीचा व्हॉल्व्हही पाहून घ्यावा. हा अल्प खर्च वाहनातील सर्वांच्या सुरक्षिततेसाठी आहे.