लकवा आणि पांढऱ्या पेशी

बाभळीचा काटा पायात मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठसठसते आणि पुढे पू धरतो. पू म्हणजे काय, हे वर्गात विचारून पाहावे. ‘घाण’ असे उत्तर बहुधा येते. वस्तुतः त्यात मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात. 1882 साली मेच्निकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती फिरत्या पेशी जमताना पाहिल्या. काटा नाही, जंतूही नाही, तरी याच पेशी धावून येतात असा एक प्रसंग म्हणजे पक्षाघात. पाचोऱ्याकडे आपण त्याला लकवा म्हणतो.

मेंदूची रक्तवाहिनी फुटली किंवा तिच्यात गुठळी अडकली की पक्षाघात होतो. मुंबईत 2005 व 2006 साली झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये दर लाखामागे वर्षाला सुमारे 145 जणांना पहिला झटका आल्याचे दिसले. पाचांपैकी साधारण चार झटके गुठळीचे होते. रक्त थांबले की चेतापेशी काही मिनिटांत मरू लागतात आणि फुटताना आतील रसायने बाहेर सांडतात. प्रतिकारशक्तीला हीच धोक्याची हाक वाटते. मेंदूतच राहणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी प्रथम जाग्या होतात. काही तासांत रक्तातले न्यूट्रोफिल वाहिनीच्या भिंतीला चिकटून आत शिरतात. मागाहून मोठ्या भक्षक पेशी येतात आणि मेलेल्या पेशींचा ढिगारा उचलतात.

न्यूट्रोफिलकडे जंतू मारण्याची तीव्र रसायने असतात. जंतूच नसल्यामुळे त्यांचा मारा वाहिनीच्या भिंतीवर आणि अर्धमेल्या चेतापेशींवर होतो. सूज वाढते. मग या पेशींना दारातच अडवले तर? हा विचार आम्हा संशोधकांना फार मोहक वाटत असे. एन्लिमोमॅब हे औषध त्यासाठीच होते. ते उंदराच्या पेशींपासून बनवलेले प्रतिपिंड असून पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू देत नाही. 625 रुग्णांवर चाचणी झाली. 2001 साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा औषध घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट होती. ताप आणि जंतुसंसर्गही त्यांच्यात अधिक होते. पुढे 2016 साली उंदरांतील मायक्रोग्लिया काढून टाकून पाहिल्या, तर मेंदूची हानी वाढली. त्याच पेशी जाळतातही आणि झाडलोटही करतात. केव्हा अडवायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता उलटी बाजू. मेंदूत ही धांदल चालू असताना उरलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती मात्र खाली येते. जखमी मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत ताणाचे संदेश जातात आणि रक्तातल्या लसिका पेशी घटतात. 2003 साली बर्लिनच्या संशोधकांनी उंदरांत हे दाखवले: पक्षाघातानंतर त्यांच्या फुप्फुसांत जंतू वाढले, आणि ताणाचे संदेश रोखणारे प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर संसर्ग टळला. (माणसांसाठी मात्र हा उपाय म्हणून सिद्ध झालेला नाही.)

येथे आपल्या घरांतील एक सवय आड येते. माणूस कोसळला, तोंड वाकडे झाले, की कोणीतरी आधी पाणी पाजते, कोणी चहा. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो, सोबत तोंडातले जंतू जातात, आणि ते अशा फुप्फुसात पोहोचतात जिथले पहारेकरी नेमके कमी झालेले असतात. मग न्यूमोनिया होतो. पक्षाघातातून वाचलेला माणूस न्यूमोनियाने दगावतो, असे कितीदा तरी घडते.

म्हणून तोंडात काहीही, गोळीसुद्धा, घालू नये. बेशुद्ध असल्यास कुशीवर वळवावे. झटका केव्हा आला ती वेळ कागदावर लिहावी, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत आणि तेही सी.टी. स्कॅन पाहूनच देता येते. पाचोऱ्याहून जळगाव सुमारे 50 किलोमीटर आहे, तेव्हा मालिश करून सकाळपर्यंत वाट पाहण्यात ते साडेचार तास सहज संपतात. पहिला घोट पाणी दवाखान्यात, गिळता येते की नाही हे तपासल्यावरच द्यावे.