उमेदवारी कुणाला परवडते?

आमच्या महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी लंडनच्या फॅशन डिझाइन अभ्यासक्रमाची माहिती घेऊन आली. फीचा आकडा तिला पाठ होता. अडली होती ती ‘सँडविच कोर्स’ या शब्दाशी.

तिथे अनेक ठिकाणी पदवी चार वर्षांची असते. दोन वर्षे वर्गात, तिसरे एखाद्या कपड्याच्या कंपनीत, चौथे पुन्हा वर्गात. मधल्या त्या वर्षामुळे हे नाव. कागदावरचे चित्र कापडावर कसे उतरवायचे, आधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर बसवून पाहायचा आणि मगच महागड्या कापडाला कात्री लावायची, हे तिथे हाताला कळते. माझे वडील वस्तादाकडे दोन वर्षे नुसते काजबटण करीत होते. त्याला आपल्याकडे उमेदवारी म्हणत. तेव्हाही पोट घरच्यांनीच भरायचे.

ब्रिटनमध्ये १९९८ चा किमान वेतन कायदा आहे. पण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वर्षभरापर्यंत राबणाऱ्या विद्यार्थ्याला तो लागू नाही. काही कंपन्या पगार देतात, काही नुसते जाण्यायेण्याचे भाडे. खोलीचे भाडे कुणी भरायचे? म्हणजे ज्याचा बाप वर्षभर पोसू शकतो त्याला अनुभव, आणि अनुभव असेल त्याला नोकरी! केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींना मिळते खरी, पण पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी. पदवीच्या मुलीला तिचा उपयोग नाही.

मी तिला जाऊ नको म्हटले नाही. आम्ही दोघांनी बसून पत्र लिहिले: गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांना पगार मिळाला, आणि किती?