जुन्या यंत्राचे वाचन : ब्रिटिश मोटरसायकलींचे जतन

जुने हस्तलिखित हाती आले तर इतिहासाचा अभ्यासक ते आधी वाचतो. डाग पुसण्याची घाई करत नाही. जुन्या यंत्राच्या बाबतीत मात्र आपण गंज दिसला की घासतो, रंग उडाला की नवा देतो आणि त्यासोबत पुरावाही पुसून टाकतो. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस या ब्रिटिश मोटरसायकली पूर्ववत करणारे जाणकार म्हणूनच कामाचा आरंभ वही घेऊन करतात. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक टिपून घेतात, प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढतात. १९४६ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या विंटेज मोटरसायकल क्लबने अनेक कारखान्यांच्या जुन्या नोंदी जपल्या आहेत. त्यांच्याशी क्रमांक ताडून गाडीचा मूळ वृत्तान्त शोधता येतो.

प्रत्यक्ष कामात पहिली अडचण येते ती नट-बोल्टची. जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांचे एकच प्रमाण सुचवले. त्यांचा कोन ५५ अंशांचा. मोटरसायकलींवर त्यांच्या जोडीला सायकलचे बारीक आटेही असतात, बहुधा इंचाला २६. पान्यावरील ‘पाव इंच’ हा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो; पान्याचे तोंड असते सुमारे १३.३ मिलिमीटर. त्यामुळे आपल्याकडचा १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल पडून नटाचे कोपरे गोल करतो. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारखाने युनिफाइड आट्यांकडे वळू लागले. त्यामुळे एकाच गाडीवर तीन प्रकारचे आटे सापडू शकतात. बोल्ट हाताने दोन-तीन फेरे सहज फिरत नसेल तर पाना लावू नये. जबरदस्ती केली की ॲल्युमिनियममधील आटे गेलेच.

इंजिनात अधिक सावध राहावे लागते. ट्रायम्फ व बीएसएच्या दोन सिलिंडरच्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या आत एक नळी असते. फिरण्याच्या वेगामुळे ऑइलमधील गाळ तिच्यात साचतो. ती तुंबली तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ऑइल पोहोचत नाही. ती साफ करण्यासाठी संपूर्ण इंजिन उघडावे लागते, म्हणून पुष्कळजण हे काम टाळतात. मग बाहेरून चकचकीत केलेली गाडी काही मैलांतच निकामी होते.

यातील बहुतेक गाड्यांची ऑइलची टाकी वेगळी असते. गाडी अनेक आठवडे उभी राहिली तर ऑइल पंपातून झिरपून इंजिनाच्या तळाशी उतरते. त्यावर उपाय म्हणून काहीजण नळीत तोटी बसवतात. पण ती उघडायला विसरले तर इंजिन कोरडे फिरून जॅम होते. त्यापेक्षा गाडी सुरू करण्यापूर्वी तळाचे ऑइल काढून टाकीत तेवढे भरावे, हे बरे. मॅग्नेटोला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. मात्र इंजिन थंड असताना सुरू होते आणि तापल्यावर बंद केल्यास पुन्हा सुरू होत नाही, असे घडल्यास मॅग्नेटोतील जुन्या कंडेन्सरवर प्रथम संशय घ्यावा.

मग नवे काय घालावे आणि जुने काय ठेवावे? टायर, ब्रेक, केबल व विजेच्या तारा यांत भावनेला थारा देऊ नये. जीव त्यांवर अवलंबून असतो. परंतु फिकटलेला मूळ रंग, झिजलेला किकर, टाकीवर हाताने ओढलेल्या रेघा शक्यतो तशाच ठेवाव्यात. एकदा खरवडलेला मूळ रंग पुन्हा आणता येत नाही.

त्या रेघा ओढणाऱ्यांची नावे सहसा कोठे नोंदलेली नसतात. कारखान्याच्या इतिहासात मालक व अभियंते येतात. कामगारांचे हात दिसतात ते यंत्रावरच. मेरिडन येथील ट्रायम्फ कारखाना बंद करण्याची घोषणा १९७३ मध्ये झाली, तेव्हा कामगारांनी तो ताब्यात घेतला. १९७५ मध्ये सहकारी संस्था सुरू करून त्यांनी १९८३ पर्यंत उत्पादन टिकवले. रॉयल एनफील्डची बुलेट तर १९५५ पासून मद्रासमध्ये जुळू लागली आणि टाकीवर हाताने रेघा ओढण्याची रीत तेथेही रुजली.

म्हणून एखाद्या अंगणात अशी गाडी गंजत पडलेली दिसली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आणि रंगाचा डबा उघडण्याआधी तिचे क्रमांक तेवढे लिहून घ्यावेत.