नाताळची भेटकार्डे : लहानांच्या हातची

जबलपूरच्या सराफ्यात आमचे घर. थोरला मुलगा कॅडेट, धाकटी बालवाडीत आणि माझा भाऊ सिग्नल्समध्ये, सीमेवर. त्याच्या तुकडीत केरळ, मिझोराम, झारखंडचे ख्रिस्ती जवान आहेत. त्यांच्यासाठी आम्ही शेजारची चिल्लीपिल्ली जमवून नाताळची भेटकार्डे करतो. घरात लहान भावंडे असलेल्यांसाठी ही रीत सांगते.

साहित्य : ड्रॉइंगचा जाड कागद, पोस्टर रंग, भेंड्या आणि दागिने गुंडाळायचा पातळ गुलाबी कागद. सराफ्यात तो घरोघरी सापडतो. इतरांनी पतंगाचा कागद घ्यावा. चिकटवायला खळ करावी : दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा आणि मंद आचेवर ढवळत दाट होईपर्यंत शिजवावा.

कृती : कागद मधोमध दुमडावा. भेंडी मोठ्यांनी आडवी कापून पुसून घ्यावी. कापलेल्या बाजूला पाच टोकांची चांदणी दिसते. बशीत ओल्या स्पंजवर रंग पसरावा, म्हणजे ठसा फिसकटत नाही. तीन वर्षांच्या मुलाने देठाकडून धरून ठसे उमटवावेत. चार-पाच वर्षांच्याने गुलाबी कागद हातानेच फाडून झाडाच्या आकारात चिकटवावा, कात्री नको. सहा-सात वर्षांच्याने आत दोन ओळी आणि स्वतःचे नाव लिहावे.

एक पथ्य मात्र पाळावे. मुलाचा हात धरून गिरवून घेऊ नये, वाकडी चांदणी सरळ करू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफने चेकोस्लोव्हाकियातील मुलांना मदत पाठवली. तेव्हा यित्का सामकोव्हा या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र काढले. कागद नव्हता, म्हणून काचेवर. १९४९ साली तेच युनिसेफचे पहिले भेटकार्ड झाले. आमच्या कार्डांपैकी भावाच्या बराकीत सर्वांत जास्त दिवस टिकले ते उलट्या 'म'चे. एका जवानाने ते आपल्या खाटेशी लावून ठेवले होते. त्याचीही मुलगी तेवढ्याच वयाची आहे.

कार्डावर बटणे, टिकल्या लावू नयेत. शिक्का मारताना पाकीट फाटते. पत्त्यात जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि त्याने कळवल्याप्रमाणे ५६ किंवा ९९ ए.पी.ओ. लिहावे, ठिकाणाचे नाव कधीही नाही. ५६ची टपाल दिल्लीहून आणि ९९ची कोलकात्याहून सेनेची डाक सेवा पुढे नेते. बर्फात वाट अडते, म्हणून डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पाकीट पेटीत पडावे.

पाकीट बंद करताना धाकटीने विचारले, "मामाच्या गावाचं नाव का नाही लिहिलं?" थोरल्याने उत्तर दिले, "ते आपल्याला माहीत नसलं, तरी पत्र पोचवणाऱ्यांना माहीत असतं."