मऊ लागतं म्हणजे नेमकं काय होतं?

बाळाच्या दुपट्याला हल्ली वरून छापील सुती कापड आणि खालून प्लश लावायची पद्धत आली आहे. प्लश म्हणजे दाट, आखूड लवेचं कापड, ज्यावर ठेवलेला हात काढवत नाही. दुकानात कुणी त्याला मिंकी म्हणतं, कुणी नुसतं फर. त्याचा तुकडा उजेडात पसरून त्यावरून बोट ओढा. एका दिशेनं ओढलं तर कापड उजळ दिसतं, उलट ओढलं तर त्याच रंगाची गडद रेघ उमटते. लवेचा प्रत्येक तंतू एका बाजूला किंचित कललेला असतो. तो आडवा निजला की उजेड त्याच्या अंगावरून परत फिरतो. उभा राहिला की उजेड तंतूंच्या दाटीत शिरतो आणि बराचसा तिथेच जिरतो.

ही लव चिकटवलेली नसते. ती तयार करण्याची एक रीत तर थक्क करणारी आहे. यंत्रावर दोन कापडं समोरासमोर, एकाच वेळी विणली जातात आणि त्यांना जोडणारे धागे मधल्या फटीतून सतत येरझारा घालतात. मग धारदार पातं त्या फटीतून जातं आणि जोडधागे मधोमध चिरतं. एका जाड कापडाची दोन लवदार कापडं होतात. मागावरची मखमलही याच युक्तीनं चिरतात.

लवेचा धागा असतो पॉलिएस्टरचा. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तो 1941 साली इंग्लंडमध्ये शोधला. आपल्याकडे तो टेरिलीन आणि टेरीकॉटच्या शर्टांतून घरोघर पोचला, आणि मे महिन्यात तो शर्ट अंगाला कसा चिकटायचा हे घरातल्या मोठ्यांना विचारा. प्लशमध्येही रसायन तेच आहे. खरा बदल झाला तो जाडीत.

तंतूची जाडी डेनिअरमध्ये सांगतात. 9000 मीटर तंतूचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. अगदी मऊ प्लशचा तंतू एक डेनिअरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतो. म्हणजे नऊ किलोमीटर लांबीचं वजन जेमतेम एक ग्रॅम! त्याचा व्यास सुमारे 10 मायक्रॉन भरतो. डोक्यावरचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉनचा असतो. आता खरी गंमत पाहा. गोल तंतूचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. व्यास निम्मा केला तर ताठपणा निम्मा नाही, सोळावा हिस्सा उरतो. व्यास दहावा हिस्सा केला तर ताठपणा दहा हजारावा हिस्सा! दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी टोचते ती याच कारणानं. साधारण 30 मायक्रॉनहून जाड तंतूचं टोक कातडीवर टेकलं की ते वाकायच्या आत टोचतं. प्लशचा तंतू टोचायच्या आधीच वाकतो. ज्याला आपण मऊ म्हणतो ते बरंचसं हेच.

आणि हा मऊपणा टिपायला शरीरातही सोय आहे. केस असलेल्या कातडीत सी-टॅक्टाइल नावाचे मंदगती मज्जातंतू असतात. सेकंदाला 1 ते 10 सेंटीमीटर अशा सावकाश, हलक्या स्पर्शाला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. बाळाला शांत करताना आई पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण याच टप्प्यातला असतो. तिला हा वेग कुणी शिकवलेला नसतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

हेच प्लश शिलाई मशीनवर घेतलं की मात्र सरकतं. त्यामागेही ती कललेली लवच आहे. मशीनचे दाते खालचं कापड मागे ओढतात आणि वरचं कापड फूटखाली दाबलेलं असतं. दोन्ही कापडं सुती असली तर एकमेकांना धरून पुढे जातात. मध्ये लव आली की वरचं कापड तंतूंच्या टोकांवर तरंगतं, आणि दर टाक्याला वाकणारे तंतू त्याला थोडं थोडं ढकलत राहतात. टाक्यामागे फरक केसाएवढा. पण 3 मिलिमीटरच्या टाक्यानं मीटरभर शिवणीत तीनशेच्या वर टाके पडतात, आणि शेवटाला एक कापड चांगलं बोटभर पुढे निघून गेलेलं दिसतं. म्हणून टाचण्या दर दोन बोटांवर लावाव्यात, प्लश दात्यांच्या बाजूला ठेवावं आणि टाका 3 ते 3.5 मिलिमीटरचा घ्यावा. वॉकिंग फूट मिळाला तर उत्तमच, कारण तो वरचं कापडही खालच्याच्या चालीनं ओढतो. प्लश आडवं ताणलं जातं, तेव्हा शिवताना हातानं ओढू नये. सुती कापड आधी धुऊन घ्यावं. ते आटतं, पॉलिएस्टर सहसा आटत नाही. आणि लवेवर गरम इस्त्री कधीच फिरवू नये. तशी निजलेली लव पुन्हा उठत नाही.

आजीच्या गोधडीतलं जुनं सुती पातळ वेगळ्या वाटेनं मऊ झालेलं असतं. वर्षानुवर्षांच्या धुण्यानं त्याची खळ गेलेली असते आणि वीण सैल पडलेली असते. शिवाय दमटपणा शोषण्यात सुती कापड फार पुढे आहे. हवेतली ओल ते आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. म्हणून मुंबई, कोकण, गोव्यासारख्या घामट हवेत बाळाच्या अंगाकडे सुती बाजूच हवी, असं माझं ठाम मत आहे. प्लशची खरी मजा बाळ जागं असताना, जमिनीवर पालथं पडून हातपाय मारताना. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागी सुटी दुपटी, गोधड्या ठेवू नयेत, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स सांगते, आणि ते पाळायलाच हवं.

बाळ दुपट्याचा कोपरा हमखास तोंडात घालणार. कापलेल्या कडेची लव गळते, तेव्हा शिवणीला सेंटीमीटरभर तरी कापड सोडा आणि कड पूर्ण आत बंद करा. कापड घेताना दुकानातच ओल्या बोटांनी लव ओढून पाहा. कापलेली कड सोडून मधल्या भागातली लवही चिमटीत सुटून येत असेल, तर कितीही मऊ लागलं तरी ते बाळासाठी घेऊ नका.