उसाच्या मुलखात पिना कोलाडा

दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटतो, दिवाळीच्या मागंपुढं गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि अहमदपूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. तालुक्यातच उजन्याला सिद्धी शुगरचा कारखाना आहे. थोडं पुढं गेलं की मांजरा, विकास, रेणा अशी जिल्ह्यातली ओळखीची नावं. हंगामभर बोलणं चालतं ते उताऱ्याचं, एफआरपीचं, तोडीच्या पाळीचं. मळीचं नाव फारसं कुणी काढत नाही. खरं तर जगभरात रम नावाचं जे मद्य प्यायलं जातं, ते बहुतेक सगळं या काळ्या, चिकट, उग्र वासाच्या मळीतूनच निघतं.

म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-हैदराबादहून गावी आलेली मंडळी हॉटेलात प्यायलेल्या पिना कोलाडाचं वर्णन करू लागतात, तेव्हा ती परक्या समुद्रकिनाऱ्याची चीज आहे असं मला वाटत नाही. रम, नारळाची दाट साय आणि अननस एवढंच तिच्यात असतं. यातली रम उसाची. नारळाचं दूध काढायची रीत कोकणातल्या घराघरात आहे. अननस आता तालुक्याच्या बाजारातही मिळतो. हे पेय इथल्या स्वयंपाकघरात उत्तम होऊ शकतं. एकच अट आहे: बाटलीतलं सिरप आणि व्हॅनिला आइस्क्रीम बाजूला ठेवून नारळाचं काम हातानं करायचं.

आधी मळीकडं बघू. एक टन ऊस गाळला की साधारण शंभर ते सव्वाशे किलो साखर आणि 40 ते 45 किलो मळी हाती येते. पाक पुन्हा पुन्हा उकळून, साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जे उरतं ती मळी. तिच्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, पण यीस्टला खायला तिच्यात भरपूर गोडवा शिल्लक असतो. पाणी घालून ती पातळ केली, यीस्ट सोडलं की दीड-दोन दिवसांत आंबते आणि आठ-दहा टक्के अल्कोहोलचं द्रावण तयार होतं. ते ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यांतून चढवलं की 95 टक्क्यांच्या पुढचं मद्यार्क मिळतं. एक टन मळीमागं हे मद्यार्क सव्वादोनशे ते अडीचशे लिटर निघतं. आज त्यातला फार मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलकडं जातो, उरलेल्यातून रम होते. आपल्या देशात रमच्या बाटलीवर 42.8 टक्के हा आकडा नेहमी दिसतो. ब्रिटिश काळातल्या प्रूफ मापानं तो 75 अंश होतो, आणि ते माप आपण अजून सोडलेलं नाही.

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जाणं मला जमणार नाही. ऊस पाणी फार पितो. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ते दिवस ज्यांनी घागरी रांगेत लावून काढले त्यांना हे वेगळं सांगायला नको. उसाचा प्रत्येक पदार्थ, मग तो गूळ असो, साखर असो की रम, आपल्याच जमिनीतलं पाणी घेऊन बाहेर पडतो. तो वाया घालवू नये, नीट निगुतीनं करावा, असं मला मनापासून वाटतं.

या पेयातल्या तिन्ही घटकांचा प्रवास ऐकण्याजोगा आहे. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा, पण रस आटवून खडेदार साखर करायची विद्या भारतातली. ती इराणात गेली, अरबांनी भूमध्य समुद्रापर्यंत नेली. 1493 साली कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा कॅनरी बेटांवरून उसाची बेणी बरोबर घेऊन गेला. त्याच सफरीत, नोव्हेंबर महिन्यात, ग्वादलूप बेटावर त्याच्या माणसांनी पहिल्यांदा अननस पाहिला आणि चाखला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांची जहाजं पोर्तो रिकोला लागली. म्हणजे ज्या बेटावर पुढं हे पेय जन्माला यायचं होतं तिथं, उसाचं बेणं पोटात घेऊन आणि अननसाची चव जिभेवर घेऊन, ही मंडळी एकाच महिन्यात पोचली होती.

नारळाचा वाटा तर आणखी आपला. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरचा नारळ पोर्तुगीजांनी वास्को द गामाच्या सफरींनंतर आफ्रिकेला वळसा घालून केप व्हर्दे बेटांवर नेऊन लावला. तिथून 1549 साली तो पोर्तो रिकोला गेला. 2011 साली जगभरातल्या तेराशेहून अधिक नारळांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लागवडीच्या नारळाची मूळ घराणी दोन, असं त्यातून दिसलं: एक प्रशांत महासागराचं, दुसरं भारताच्या दक्षिण किनाऱ्याभोवतीचं. अटलांटिक आणि कॅरिबियन किनाऱ्यांवरची झाडं या दुसऱ्या घराण्याकडं जातात. अननस मात्र उलट दिशेनं आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याकडं आणला, आणि आग्र्याच्या गुल-अफशान बागेत तो पिकत असल्याची नोंद जहांगीर बादशहानं आपल्या आत्मचरित्रात केली आहे.

तिन्हींची गाठ पडली ती सान हुआन शहरात. कारिबे हिल्टन हॉटेल 1949 साली सुरू झालं. तिथला बारमन रामोन 'मोंचितो' मारेरो यानं 1954 साली हे पेय तयार केलं, असं बहुतेक ठिकाणी मानलं जातं. जुन्या सान हुआनमधल्या बाराचिना या उपाहारगृहाचाही दावा आहे. 1963 साली ते आपल्याकडं झालं, अशी पाटीच त्यांनी दारावर लावली आहे. मला या वादापेक्षा तिसऱ्याच माणसाचं काम मोठं वाटतं. पोर्तो रिको विद्यापीठातले रामोन लोपेस इरिसारी यांनी नारळाची साय आणि उसाची साखर एकजीव करून डबाबंद करायची पद्धत बसवली. 'कोको लोपेस' या नावानं तो डबा बाजारात आला. त्याआधी बारमनला दर ग्लासामागं नारळ किसत, पिळत बसावं लागे. डबा आला आणि पेय जगभर पसरलं. 1978 साली पोर्तो रिकोनं ते आपलं राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर केलं.

तो डबा अहमदपुरात शोधत बसायची गरज नाही. त्यात जे आहे ते घरी होतं, आणि जास्त चांगलं होतं.

मराठवाड्याच्या स्वयंपाकात नारळ म्हणजे मुख्यतः सुकं खोबरं. काळ्या मसाल्यात, येसरात, शेंगदाण्याच्या जोडीला वाटणात. त्या खोबऱ्याचं दूध इथं चालत नाही. गरम पाण्यात कितीही भिजवलं तरी दूध पातळ येतं आणि जुन्या तेलाचा वास राहतो. ओला नारळच हवा. हातात घेतल्यावर जड लागणारा, कानाशी हलवल्यावर पाणी खळखळणारा आणि डोळ्यांपाशी ओल वा बुरशी नसलेला. देवापुढं फोडलेला नारळ यासाठी घेऊ नये. तो प्रसाद आहे, त्याची बर्फी करावी.

नारळ खवणीवर खवताना करवंटीजवळची तपकिरी पाठ सोडून द्यायची, नाहीतर रंग मळकट येतो. खवलेल्या खोबऱ्यात पाऊण वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवायचं. पाणी उकळतं नको, गारही नको. गार पाण्यात तेलाचा अंश सुटत नाही. मग स्वच्छ धुतलेल्या मलमलच्या फडक्यात घालून, पुरचुंडी करून, दोन्ही हातांनी पीळ देत राहायचं. सुरुवातीला धार लागते, मग थेंब पडतात, आणि हात थकल्यावर जे शेवटचे दाट थेंब येतात तेच खरे कामाचे. हे पहिलं दूध. भांडं झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी वर पांढरी, चमच्यानं उचलता येईल अशी घट्ट साय जमते आणि खाली निळसर पाणी राहतं. ती साय तेवढी काढून घ्यायची.

वाटीभर सायीला पाऊण वाटी साखर आणि चिमूटभर मीठ. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं. उकळी आली की तेल सुटून वर तरंगतं आणि मग ते पुन्हा एकजीव होत नाही. साखरेऐवजी गूळ घेतला तर मला तो जास्त आवडतो. मालवणकडं शिरवाळ्यांबरोबरचा रस नारळाचं दूध आणि गूळ यांचाच असतो, तेव्हा ही जोडी काही नवी नाही. लातूरच्या आडत बाजारात चांगला गूळ मिळतोच. फक्त तो किसून, चमचाभर पाण्यात विरघळवून, गाळून आणि गार करून मगच सायीत मिसळावा. रंग बदामी येईल, पांढराशुभ्र येणार नाही. चवीत मात्र उसाचा गंध राहतो, आणि रमशी त्याचं सख्खं नातं आहे.

अननसात एक खोड आहे. त्यात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं. दूध, साय किंवा आइस्क्रीम ताज्या अननसाबरोबर फिरवून थोडा वेळ ठेवलं की मिश्रण कडवट लागतं, कधी फाटतं. घरी केलेला पिना कोलाडा बिघडतो तो बहुतेक वेळा याच कारणानं, आणि दोष रमला दिला जातो. नारळाच्या सायीत प्रथिनं अगदी थोडी असल्यामुळं तिथं हा त्रास जवळजवळ होत नाही. मारेरोच्या मूळ कृतीत नारळाच्या सायीबरोबर दुधाची सायही होती. ती कुणाला घालायचीच असेल तर अननसाच्या फोडी त्यांच्याच रसात पाच मिनिटं उकळून, गार करून घ्याव्यात. उष्णतेनं हे विकर निकामी होतं, नुसतं गोठवल्यानं होत नाही. खोक्यातला तयार रस तापवलेलाच असतो, त्यामुळं तो कडू होत नाही. पण त्यात साखर आधीच घातलेली असते, ती धरून गोडाचा अंदाज करावा.

फळ निवडताना पानांपेक्षा बुडाकडं बघावं. बुडाशी गोड वास यायला हवा. वासच नसेल तर फळ कच्चं, आंबूस वास आला तर उतरलेलं. फोडी करून अर्ध्या फोडी बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात, म्हणजे बर्फ कमी लागतो आणि पेय पाणचट होत नाही.

आता रम. मूळ कृतीत पांढरी रम आहे. बकार्डीची पांढरी रम आपल्याकडं कर्नाटकातल्या नंजनगुडच्या कारखान्यात होते, ती चालते. माझं मत मात्र काळ्या रमच्या बाजूनं आहे. मोहन मीकिनची ओल्ड मंक, जी 1954 सालीच बाजारात आली, तिच्यात व्हॅनिलासारखा आणि करपलेल्या साखरेसारखा वास आहे. गुळाच्या सायीशी तो छान जुळतो. पांढरी रम नारळाला पुढं येऊ देते, काळी त्याच्या शेजारी येऊन बसते.

एका ग्लासाला 45 मिली रम, 90 मिली अननसाचा रस, 45 मिली गोड केलेली साय, मूठभर गोठवलेल्या फोडी आणि थोडा बर्फ. घरच्या मिक्सरचं पातं बर्फाच्या मोठ्या खड्यांनी बोथट होतं, म्हणून बर्फ फडक्यात गुंडाळून बत्त्यानं आधी फोडून घ्यावा. भांड्यात पातळ पदार्थ आधी, बर्फ शेवटी. अर्ध्या मिनिटाच्या आत थांबावं. जास्त फिरवलं तर भांडं तापतं आणि सायीचं लोणी होऊ लागतं. दोन-चार थेंब लिंबू पिळलं तर गोडाचा कंटाळा येत नाही. वरून किंचित जायफळ किसावं. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर याच्याच एका भावंडावर जायफळ घालतात, आणि पुरणात जायफळ घालणाऱ्या घराला ते निराळं सांगावं लागत नाही.

या ग्लासात साधारण आठ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे स्ट्राँग बिअरइतकं. गोडपणामुळं ते जाणवत नाही, म्हणून माप डोळ्यांनी नाही, पेगच्या मापानंच घ्यावं आणि त्यानंतर गाडीची किल्ली हातात घेऊ नये. महाराष्ट्रातला दारूबंदी कायदा 1949 सालचा. त्याच्या नियमांनुसार रमसारखं मद्य घेण्यासाठी वय 25 पूर्ण लागतं आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. दुकानातून रीतसर आणलेली रम घरी मिसळणं वेगळं, आणि मळी वा गूळ आंबवून घरी गाळणं वेगळं. दुसरा सरळ गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. मेथेनॉल वासानं वा चवीनं ओळखता येत नाही.

आपल्याकडं बऱ्याच घरांत गळ्यात माळ असते, दारूची बाटली उंबऱ्याच्या आत येत नाही. त्या घरांनी हे पेय सोडून द्यायचं काही कारण नाही. रमच्या जागी नारळाचं पाणी घ्यावं आणि लिंबू थोडं वाढवावं. गुळाची साय असेल तर उसाचा गंध त्यात येतोच. पोरांना, माळकरी आजी-आजोबांना फराळाच्या चिवड्या-चकलीनंतर हे गार, दाट पेय फार आवडतं. भांडी मात्र आधी त्यांच्यासाठी वापरावीत, रमचा घाणा शेवटी काढावा. पाहुण्यांमध्ये न पिणारं कुणी असेल तर एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

गोड केलेली साय फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, त्याहून जास्त ठेवू नये. पिळून उरलेल्या चोथ्यात पुन्हा वाटीभर कोमट पाणी घातलं की दुसरं, पातळ दूध निघतं. ते कोंबडीच्या किंवा वांग्याच्या रश्श्यात घातलं की काळ्या मसाल्याचा तिखटपणा जरा सौम्य होतो. चोथा कढईत मंद आचेवर खमंग भाजून, लसूण, लाल तिखट आणि मीठ घालून कुटला की ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन-तीन दिवस पुरेल एवढी चटणी होते.