पिवळ्या माळावरची ओंजळ

अर्जेंटिनाच्या मेंदोसा प्रांतात, अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्याशी मालार्ग्वे नावाचं एक लहान शहर आहे. शहराबाहेर पडलं की सपाट, कोरडा, खुरट्या झुडपांचा माळ लागतो. त्याचं नाव पाम्पा आमारिया, म्हणजे पिवळा माळ. या माळावर गुरं चरतात, आणि चरता चरता अधूनमधून मातकट रंगाच्या एका टाकीपाशी येऊन थबकतात. आपल्या इमारतींच्या गच्चीवर पॉलिथिलीनच्या टाक्या असतात त्याच जातीची, पण बसकी आणि ऐसपैस टाकी. व्यास ३.६ मीटर. आत १२,००० लिटर पाणी, म्हणजे उन्हाळ्यात टंचाईच्या गावाला एका टँकरने यावं साधारण तेवढं. वर सौरपट्टी आणि एक अँटेना. आजूबाजूला माणूस नाही. पुढची टाकी दीड किलोमीटरवर. तिच्यापुढची आणखी दीड किलोमीटरवर.

अशा सुमारे १,६६० टाक्या या माळावर मांडलेल्या आहेत. त्यांनी व्यापलेलं क्षेत्र ३,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोवा राज्याच्या जवळजवळ चार-पंचमांश. या साऱ्या पसाऱ्याचं नाव पिएर ओझे वेधशाळा. विश्वातून येणारे सर्वाधिक ऊर्जेचे कण टिपणारं हे जगातलं सर्वांत मोठं यंत्र आहे. यंत्र म्हटलं की धातू, चाकं, खडखडाट डोळ्यांपुढे येतो. इथे त्यातलं काहीच नाही. पाणी आहे, अंधार आहे, शांतता आहे आणि वाट पाहणं आहे.

वर्षावाचा शोध

७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस फुग्यात बसून पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर गेले. सोबत प्रारण मोजणारी उपकरणं होती. त्या काळची समजूत अशी, की हवेतलं प्रारण जमिनीतल्या किरणोत्सर्गी द्रव्यांतून येतं, तेव्हा वर जावं तसं ते घटायला हवं. हेस यांच्या उपकरणांनी उलट नोंद केली. वर जावं तसं ते वाढत होतं. काहीतरी बाहेरून, अवकाशातून येत होतं. त्याला विश्वकिरण हे नाव पडलं आणि तेच रूढ झालं. प्रत्यक्षात ते किरण नसून बहुतांशी अणूंची केंद्रकं आहेत. कुठे हायड्रोजनचं, म्हणजे एकटा प्रोटॉन, तर कुठे लोखंडासारखं जड केंद्रक.

असा कण वातावरणात शिरला की हवेतल्या एखाद्या केंद्रकावर आदळतो. त्या धडकेतून नवे कण जन्मतात, ते पुढे आदळतात, त्यांतून आणखी कण निघतात. या गुणाकाराचं गणित १९३७ मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडलं. भाभा तेव्हा केंब्रिजला होते; मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था अजून आठ वर्षं दूर होती. एका इलेक्ट्रॉनपासून प्रकाशकण, प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, जोडीतल्या प्रत्येकापासून पुन्हा प्रकाशकण, अशी ती साखळी. विश्वकिरणांच्या वर्षावांचा अभ्यास आजही त्या पायावर उभा आहे.

पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, फ्रान्सच्या पिएर ओझे यांनी आल्प्स पर्वतातल्या युंगफ्राउयोख इथे कणमापक एकमेकांपासून दूर दूर ठेवले. अंतर ३०० मीटरपर्यंत वाढवलं तरी मापक एकाच क्षणी वाजत होते. याचा अर्थ, एकाच मूळ कणाने उठवलेला कणांचा वर्षाव एवढ्या मोठ्या जागेवर एकदम कोसळत होता. ओझे यांनी हिशेब केला तेव्हा मूळ कणाची ऊर्जा तोवर कुणी कल्पिलीही नव्हती इतकी मोठी निघाली. या वेधशाळेला त्यांचं नाव दिलं आहे ते यासाठी.

चेंडूएवढा प्रोटॉन

१९६२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, व्होल्केनो रँच या ठिकाणी, जॉन लिन्सली यांच्या मापकांनी एक वर्षाव पकडला. त्याच्या मूळ कणाची ऊर्जा १ वर २० शून्यं इतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती. माणसाने बांधलेल्या सर्वांत शक्तिमान त्वरकात, जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, प्रोटॉनला जी ऊर्जा देता येते, तिच्या एक कोटी पटींहून ही जास्त आहे. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्याच युटामध्ये 'फ्लाय्ज आय' या वेधशाळेने त्याच्याही तिप्पट ऊर्जेचा कण नोंदवला. ती ऊर्जा सुमारे ५१ जूल भरली. सीझनचा क्रिकेट चेंडू ताशी ९० किलोमीटर वेगाने टाकला, तर त्यात साधारण एवढी ऊर्जा असते. एक सबंध चेंडू आणि एक अणुकेंद्रक यांच्या आकारांतला फरक मनात आणला की या आकड्याचा अर्थ अंगावर येतो.

हा कण आला कुठून, हा प्रश्न तर आहेच. पण त्याच्याआधी, तो इथवर पोचला कसा, हाही प्रश्न आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत केनेथ ग्रायसेन आणि सोव्हिएत संघात गिओर्गी झात्सेपिन व वादिम कुझमिन यांनी दाखवून दिलं, की एवढ्या ऊर्जेच्या प्रोटॉनला मोकळं अवकाशही मोकळं नसतं. विश्वाच्या जन्मकाळापासून सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मतरंगांशी तो आदळत राहतो आणि ऊर्जा गमावतो. तेव्हा तो अवकाशाच्या हिशेबात आपल्या शेजारून, काही कोटी प्रकाशवर्षांच्या टापूतूनच यायला हवा. मात्र शेजारी कोणता, ते सांगता येत नव्हतं. त्यासाठी असे अनेक कण हाती लागायला हवे होते, आणि ते अतिशय विरळा होते.

ओंजळ मोठी केली

साधे विश्वकिरण दुर्मीळ नाहीत. हे वाचता वाचता त्यांनी जन्माला घातलेला सुमारे एक म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, दर सेकंदाला आपल्या तळहातातून आरपार जातो आहे. पण ऊर्जा वाढत जाते तशी संख्या झपाट्याने घटते. सर्वोच्च ऊर्जेचा कण हवा असेल, तर एका चौरस किलोमीटरवर बसून शेकडो वर्षं वाट पाहावी लागेल.

आकाशाला घाई करता येत नाही. वर्षं कमी करायची तर चौरस किलोमीटर वाढवायचे, हा एकच मार्ग उरतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोचे जेम्स क्रोनिन आणि इंग्लंडमधल्या लीड्सचे अ‍ॅलन वॉटसन यांनी हा मार्ग धरला. क्रोनिन यांना १९८० मध्ये नोबेल मिळालेलं होतं. वॉटसन यांच्यामागे यॉर्कशरच्या हॅवेरा पार्कमध्ये पाण्याच्या टाक्यांनी वर्षाव टिपण्याचा दीर्घ अनुभव होता. दोघांनी देशोदेशी फिरून माणसं जोडली, पैसा उभा केला. जागा शोधताना अटी कडक होत्या. जमीन सपाट हवी, विस्तीर्ण हवी, आकाश स्वच्छ आणि रात्र खरोखर काळी हवी. उंची अशी हवी, की वर्षावाचा भर ओसरण्याआधी तो जमिनीवर पोचेल. समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरांवरचा पिवळा माळ या साऱ्या अटींत बसला. २००४ च्या जानेवारीत नोंदी सुरू झाल्या आणि २००८ मध्ये मांडणी पूर्ण झाली.

या जमिनी शेतकऱ्यांच्या आणि पशुपालकांच्या आहेत. त्यांच्या संमतीनेच टाक्या बसल्या. टाक्यांचा रंग माळात मिसळून जाईल असा निवडला. क्रमांकांबरोबर त्यांना नावंही दिली. दर नोव्हेंबरात मालार्ग्वेच्या मिरवणुकीत गावकऱ्यांबरोबर परदेशी शास्त्रज्ञही चालतात. एवढ्या मोठ्या यंत्राला कुंपण घालता येत नाही. गावाने आपलं म्हटलं तरच ते टिकतं.

टाकीच्या आत

टाकीत अतिशुद्ध पाणी आहे आणि संपूर्ण काळोख आहे. आतलं अस्तर पांढरं, प्रकाश परतवणारं. वरून तीन प्रकाशगुणक नळ्या पाण्यात डोकावतात. त्यांची काच जेवणाच्या ताटलीएवढी. पाण्यात प्रकाशाचा वेग निर्वातातल्या वेगाच्या सुमारे तीन-चतुर्थांश होतो. वर्षावातले इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन त्याहून वेगाने पाण्यात घुसतात. पाण्यावरच्या लाटेपेक्षा वेगाने होडी गेली की तिच्या नाळेपासून दोन्हीकडे लाटांची घडी पडते. तशी इथे प्रकाशाची पडते. या निळसर चमकेला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. नळ्या तिचं विजेच्या स्पंदनात रूपांतर करतात आणि सेकंदाच्या कोट्यवधी भागांत वेळ मोजणारं यंत्र त्याची नोंद ठेवतं.

टाकीतून दर सेकंदाला सुमारे अडीच हजार साधे म्यूऑन जात असतात. तो गोंगाट म्हणून टाकून दिलेला नाही. एका उभ्या म्यूऑनने पाडलेला उजेड हेच इथलं वजनमाप आहे. उन्हाळा असो की बर्फ, टाकी या मापाने स्वतःला सतत तपासून घेते.

मोठा वर्षाव येतो तो कणांच्या एका पातळ, किंचित फुगीर थाळीसारखा, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. अब्जावधी कणांची ही थाळी जमिनीला टेकते तेव्हा काही किलोमीटर रुंद झालेली असते. ती तिरकी आली तर एका बाजूच्या टाक्या आधी उजळतात आणि दुसऱ्या बाजूच्या त्यानंतर, पण एका मिलिसेकंदाच्याही आत. उपग्रहांवरून मिळणाऱ्या घड्याळवेळेने हा फरक कळतो आणि त्यावरून कण आकाशाच्या कोणत्या दिशेने आला ते कळतं. प्रत्येक टाकीत किती उजेड पडला, यावरून त्याची ऊर्जा.

ऊर्जेचा हा हिशेब पक्का करायला दुसरी नजर लागते. माळाच्या कडेला चार टेकड्यांवर २७ दुर्बिणी आहेत. वर्षाव हवेतून उतरताना नायट्रोजनच्या रेणूंना चेतवतो आणि ते अतिनील प्रकाश सोडतात. प्रकाशाच्या वेगाने आकाशातून खाली येणारा एक साधा बल्ब, अशी कल्पना करावी. दुर्बिणी ही रेघ वीस-तीस किलोमीटरांवरून टिपतात. त्या चालतात फक्त निरभ्र, चांदणं नसलेल्या रात्री. टाक्या मात्र दिवसरात्र जाग्या असतात. एकच वर्षाव दोघांनीही पाहिला, की दुर्बिणींच्या मापाने टाक्यांचं माप ताडून घेतलं जातं. वर्षाव घडतो हवेत आणि दुर्बिणींना दिसतोही हवेतूनच, त्यामुळे वातावरण हाच या यंत्राचा सर्वांत मोठा भाग ठरतो. म्हणून दुर्बिणी चालू असतात त्या रात्री लेझरचे झोत सोडून हवेचीही तपासणी होते.

काय हाती आलं

पहिली पक्की गोष्ट ही, की एका ऊर्जेपुढे कणांची संख्या खरोखरच एकदम कोसळते. ग्रायसेन, झात्सेपिन, कुझमिन यांनी सांगितलेल्या जागेच्या आसपासच. पण कारण तेच आहे का, की विश्वातल्या त्वरकांचीच दौड तिथे संपते, हे अजून ठरायचं आहे. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. सर्वोच्च ऊर्जेकडे जावं तसे हे कण केवळ प्रोटॉन राहत नाहीत, जड केंद्रकांचं प्रमाण वाढत जातं. जड केंद्रकांवर विद्युतभार जास्त, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रांत ती अधिक वळतात आणि उगमाचा माग पुसट होतो.

तिसरी गोष्ट सांगताना वेधशाळेच्या प्रामाणिकपणाची नोंद करायला हवी. २००७ मध्ये तिने जाहीर केलं, की सर्वाधिक ऊर्जेचे कण जवळच्या सक्रिय दीर्घिकांच्या दिशांशी जुळतात. जगभर गाजावाजा झाला. पुढे अधिक कण जमले तसं ते जुळणं क्षीण होत गेलं, आणि तेही याच लोकांनी, आपल्याच हाताने, छापून सांगितलं. दहा वर्षं त्यांनी मोजणी चालू ठेवली. २०१७ मध्ये तीस हजारांहून अधिक कणांच्या आधारे ते म्हणाले, की आकाशाच्या एका बाजूकडून हे कण किंचित जास्त येतात, आणि ती बाजू आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे १२५ अंश दूर आहे. म्हणजे ते आपल्या आकाशगंगेबाहेरून येतात. फरक अवघा काही टक्क्यांचा, पण अर्धशतकाच्या वादाला त्याने उत्तर दिलं.

२००४ ते २०२० या काळातल्या सर्वाधिक ऊर्जेच्या १०० कणांची यादी वेधशाळेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. ३,००० चौरस किलोमीटर, १७ वर्षं, १०० कण. वर्षाला सरासरी सहा. माझ्या मते आधुनिक विज्ञानातल्या चिकाटीचं याहून नेमकं माप नाही.

कोडी उरली आहेतच. जमिनीवर पोचणारे म्यूऑन गणितापेक्षा जास्त भरतात. म्हणजे एवढ्या ऊर्जेला कण कसे आदळतात, हे आपल्याला नीट उमगलेलं नाही. २७ मे २०२१ रोजी युटातल्या टेलिस्कोप अ‍ॅरे वेधशाळेने 'आमातेरासू' हा प्रचंड ऊर्जेचा कण टिपला. त्याच्या दिशेला पाहिलं तर अवकाशाचा जवळजवळ रिकामा प्रदेश. अशा कोड्यांसाठी पिवळ्या माळावरच्या टाक्यांवर आता प्रस्फुरक (कण आरपार गेला की चमकणारे) पट्ट आणि रेडिओ अँटेना बसवले आहेत. त्यामुळे वर्षावातले म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळे ओळखता येतील आणि मूळ कण हलका की जड, हे एकेका वर्षावापुरतं सांगता येईल. क्रोनिन २०१६ मध्ये गेले. त्यांनी मांडलेलं यंत्र निदान २०३५ पर्यंत चालवायचं सहभागी देशांनी ठरवलं आहे.

हे सारं फार दूरचं वाटत असेल, तर दोन गोष्टी सांगतो. विश्वकिरणांचे वर्षाव टिपणारी, यापेक्षा कमी ऊर्जेच्या कणांवर काम करणारी ग्रेप्स-३ ही मांडणी आपल्याकडे उटीला आहे आणि ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आहे. आणि २०२१ मध्ये ओझे वेधशाळेने आपल्या नोंदींपैकी १० टक्के नोंदी सगळ्या जगासाठी मोफत खुल्या केल्या. खरे वर्षाव, खऱ्या टाक्यांतले खरे आकडे. त्यासाठी परवानगी लागत नाही, महागडं उपकरण लागत नाही. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की एका दुपारी वर्गातल्या मुलामुलींपुढे त्यातला एक वर्षाव उघडा. कोणती टाकी आधी उजळली, कोणती नंतर, ते त्यांना स्वतः पाहू द्या आणि कण कुठून आला, ते त्यांनाच काढू द्या.